चित्रांस चालावयास लावणारे नाशिकचे कारागीर : धुंडिराज गोविंद फाळके

नाशिकच्या जुन्या वस्तीतून गोदावरी ओलांडून पंचवटीत आले म्हणजे यात्रेकरूंच्या गर्दीइतकीच आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे चित्रे. रामकुंडाकडून काळाराम मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरील दुकानांत राम, सीता, लक्ष्मण व मारुती ह्यांची रंगीत चित्रे मांडून ठेविलेली असतात. जिला एक अक्षरही वाचता येत नाही, अशी खेड्यातून आलेली म्हातारीदेखील ते चित्र हाती घेऊन नातवाला सारी कथा सांगते. हरिण कोठून धावले, रावण कोणत्या वेषाने दाराशी आला, हे तिला कागदावर दिसत असते. पूर्वी वाड्यांच्या व देवळांच्या भिंतींवरच असणारे चित्र थोडक्या पैशांत गरिबाच्या झोपडीत कसे आले, आणि पुढे तेच चित्र कागद सोडून पडद्यावर चालू कसे लागले, हे सांगावयाचे असेल, तर ह्याच गोदावरीच्या उगमापाशी जन्मलेल्या व ह्याच नाशकात देह ठेविलेल्या एका मनुष्याचे चरित्र सांगितले पाहिजे.

धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस सारा देश दादासाहेब फाळके ह्या नावाने ओळखतो, ते ख्रिस्ती नव्हते. त्यांनी आपले आयुष्य पुराणांतील कथा चित्रांत आणण्यात घालविले. मग मंडळीच्या पत्रात त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. एक तर त्यांच्या मोठ्या कार्यास चालना मिळाली ती प्रभु येशूच्या चरित्राची चित्रे पाहून. दुसरे असे की, ज्यांस वाचता येत नाही त्यांस डोळ्यांच्या वाटेने कसे शिकवावे, हा जो प्रश्न खेड्यातील प्रत्येक उपदेशकापुढे उभा असतो, त्यावर त्यांनी जन्मभर हातांनी काम केले. अशा मनुष्यापासून शिकण्यास आपणांस कोणतीही लाज वाटण्याचे कारण नाही.

त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके, ज्यांस दाजीशास्त्री म्हणत, हे संस्कृताचे जाणते पंडित होते. पुढे दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व सारे कुटुंब मुंबईस गेले. ह्या विद्यालयाचे मूळ स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली घातले होते. त्र्यंबकच्या शास्त्र्याने मिशनच्या विद्यालयात संस्कृत शिकवावे, ही त्या काळच्या मुंबईची एक चांगली बाजू होती. विद्येच्या अंगणात परधर्मीयांस एकमेकांशेजारी बसता येत होते.

मुलाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा रंगांकडे व रेषांकडे होता. १८८५ साली धुंडिराज मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत दाखल झाले. पुढे ते बडोद्यास गेले. तेथे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी कलाभवन स्थापिले होते व त्याचे प्रमुख प्रो. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार होते. ह्या एका घरात चित्रकला व रसायन, कुंचला व तेजाब ही शेजारी नांदत होती. फाळक्यांनी तेथे तैलचित्रे व जलरंगांची चित्रे काढण्याचे शिक्षण घेतले. मूर्ती घडविणे व इमारतींचे नकाशे काढणे ह्यांतही हात बसविला. आणि छायाचित्रणाचा नाद त्यांस लागला तो तेथेच. त्यांची हुशारी पाहून गज्जरांनी त्यांस रतलामला पाठविले. तेथे त्यांनी चित्रांचे ठसे तयार करणे व तीन रंगांत छपाई करणे ही विद्या शिकून घेतली.

ही विद्या काय होती हे थोडे समजावून घेतले पाहिजे, कारण आपल्या हाती येणारे प्रत्येक सचित्र पुस्तक तिचे ऋणी आहे. तिच्या आधी पुस्तकांत जी चित्रे येत ती बहुधा लाकडावर किंवा तांब्यावर हाताने कोरलेली असत. आपल्या मिशनांच्या छापखान्यांतून निघालेल्या जुन्या मराठी पुस्तकांतही अशी कोरीव ठशांची चित्रे असत. पुस्तकात चित्र घालून मुलांस शिकवावे हा विचार जगात रुजविणाऱ्यांत मोरेव्हियाचे एक बिशप, योहान आमोस कोमेनियस, ह्यांचे नाव मोठे आहे. सुवार्तिक मतासाठी देशोधडीला लागलेल्या ह्या पाळकाने १६५८ साली नुरेम्बर्ग शहरी मुलांसाठी एक पुस्तक छापविले. त्यात पाणी, अग्नी, पशू, पक्षी, लोहार, सुतार, आकाशातील तारे अशा एकेका वस्तूचे चित्र व त्याखाली तिची माहिती होती. जे समजावयाचे ते आधी इंद्रियांपुढे आले पाहिजे, असा त्यांचा शिकविण्याचा नियम होता. परंतु हाताने कोरलेला ठसा महाग पडे, आणि कोरणाराचा हात जसा असेल तसे चित्र उतरे.

छायाचित्र छापावयाचे म्हटले तर आणखी अडचण होती. छायाचित्रात काळ्या व पांढऱ्या ह्यांच्यामध्ये करड्या रंगाच्या शेकडो छटा असतात; परंतु छापखान्याच्या ठशाला शाई लागते किंवा लागत नाही, मधली स्थिती त्यास ठाऊक नाही. ह्यावर उपाय निघाला तो असा. काचेवर अतिशय बारीक आडव्याउभ्या रेषांची जाळी आखून ती कॅमेऱ्यात धरतात, म्हणजे चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत फुटते. ते ठिपके तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवून मधली जागा तेजाबाने खाववितात. ठिपके मोठे असतील तेथे कागदावर गडद दिसते, लहान असतील तेथे फिके. जुन्या पुस्तकातील छायाचित्रावर भिंग धरून पाहावे, म्हणजे हे ठिपके कोणासही मोजता येतील. रंगीत चित्रासाठी असे तीन ठसे लागतात, पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक व निळ्याचा एक, आणि ते एकावर एक नेमके बसावे लागतात. एखादा केसभर सरकला तर चेहरा बिघडतो. अशा ह्या कामात कलावंताची नजर व शास्त्रज्ञाची काटेकोर शिस्त दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असावी लागतात, आणि फाळक्यांच्या ठायी त्या होत्या.

तरी त्यांची वाट सुखाची नव्हती. १८९५ साली त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडिला. पुढे १९०० च्या सुमारास प्लेगाने त्यांची पत्नी व मूल ही दोन्ही हिरावून नेली. त्या साथीने महाराष्ट्रात व गुजराथेत किती घरे ओस पडली हे जुन्या मंडळ्यांच्या नोंदवह्या पाहणारांस सांगावयास नको. फाळके बडोद्यास परतले व तेथे छायाचित्रकाराचा धंदा मांडिला, परंतु कॅमेऱ्याने माणसाची शक्ती ओढून घेतली जाते, असा लोकांचा समज होता, म्हणून तो चालेना. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणे, एका जर्मन जादुगाराजवळ हातचलाखी शिकणे, असे जे जे पोटास आधार देईल ते त्यांनी केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव लग्नानंतर सरस्वतीबाई ठेविले गेले. ह्या बाईंविषयी पुढे आणखी सांगावयाचे आहे.

१९०३ साली त्यांस सरकारच्या पुराणवस्तु खात्यात छायाचित्रे घेण्याची व नकाशे काढण्याची नोकरी लागली. पुढे वंगभंगाच्या चळवळीने स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ती सोडून त्यांनी लोणावळ्यास चित्रांच्या ठशांचा स्वतःचा छापखाना घातला. जवळच मळवली येथे रविवर्मा ह्यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. त्या चित्रकाराने काढलेल्या देवदेवतांच्या व पुराणप्रसंगांच्या तसबिरी त्या छापखान्यातून हजारोंनी निघून देशभर घरोघर जात. फाळक्यांच्या कारखान्यात त्या छापखान्यासाठी काम होत असे. पंचवटीच्या दुकानांत आज जी चित्रे दिसतात त्यांची वंशावळ त्या दगडी शिळांपर्यंत व ह्या ठशांपर्यंत पोहोचते.

धंदा वाढला, छापखाना मुंबईस दादरला आला, भागीदार मिळाले व त्यास लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नाव पडले. १९०९ साली फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस गेले. ह्या छापखान्याच्या सुबक कामाची सर्वत्र वाहवा झाली. ‘सुवर्णमाला’ नावाचे सचित्र नियतकालिक तेथून निघे व त्यातील रंगीत चित्रांची कीर्ती झाली. परंतु भागीदारांशी मतभेद विकोपास गेले. फाळके आपला वाटा न मागता बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला मनुष्य, पदरी बायकोमुले, आणि हाती काही नाही, अशी त्या वेळी त्यांची स्थिती होती.

ह्याच सुमारास, म्हणजे १९११ च्या आगेमागे, ते गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबूवजा नाटकगृहात चलच्चित्रे पाहावयास गेले. ख्रिस्ती सणाचे दिवस असल्यामुळे तेथे ख्रिस्तचरित्राचा परदेशी चित्रपट दाखवीत होते. आपल्या प्रभूचा गव्हाणीतील जन्म, आजाऱ्यांस बरे करणे, दुःखसहन व वधस्तंभ ही सर्व त्या अंधारात त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. ते पुन्हा गेले, पत्नीलाही घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता त्यांच्या मनापुढे राम व कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे आपल्या लेखांतून लिहून ठेविले आहे. आपल्या देशाच्या कथा आपल्या हातांनी अशाच पडद्यावर आणावयाच्या, हा त्यांचा निश्चय तेथेच झाला.

हा प्रसंग वाचताना ख्रिस्ती वाचकाचे मन क्षणभर थांबते. एका हिंदु गृहस्थापुढे आपल्या प्रभूचे सारे चरित्र उलगडले गेले, आणि तो उठला तो रामाचे चरित्र रंगविण्याचा संकल्प करून. ह्यात आपली निराशा व्हावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. फाळक्यांस आपल्या पंक्तीत ओढून बसविण्याचा आम्हांस अधिकार नाही. ते आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहिले. परंतु त्यांनी जे ओळखले ते ख्रिस्ती मंडळीने नीट लक्षात घ्यावे असे आहे. सामान्य मनुष्याचे अंतःकरण हलविण्यास केवळ शब्द पुरत नाहीत, देहधारी झालेली गोष्ट डोळ्यांपुढे यावी लागते, हे त्यांनी ओळखले. आणि ते त्यांस ओळखू आले ते ज्याने स्वतः देह धारण केला त्याच्याच चरित्रापाशी.

निश्चय झाला, पण विद्या कोठे होती? ह्या देशात तेव्हा ती शिकविणारा कोणी नव्हता. फाळक्यांनी विलायतेहून पुस्तके व यंत्रांच्या याद्या मागविल्या, मुंबईतील नाटकगृहांत रोज रात्री चित्रे पाहिली, घरी लहानसे यंत्र आणून तासन्‌तास प्रयोग केले. झोप नाही, विश्रांती नाही. त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. योग्य उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले व १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथे चलच्चित्रांच्या एका साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न व चित्रपट तयार करणारे सेसिल हेपवर्थ ह्या दोघा अनोळखी गृहस्थांनी त्यांस मोठ्या मनाने साहाय्य केले. हेपवर्थ ह्यांनी आपल्या कारखान्याचे सर्व विभाग त्यांस मोकळे केले. एक कॅमेरा, फिल्मेच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म ह्यांची व्यवस्था करून ते दोन-अडीच महिन्यांत परत आले.

परत आल्यावर त्यांनी पहिले चित्र काढिले ते राजाचे नव्हे की देवाचेही नव्हे. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरिले, समोर कॅमेरा मांडिला व ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. बी फुगले, फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागला. पुष्कळ दिवसांची ती वाढ पडद्यावर पाहणारांस एका मिनिटाच्या आसपास दिसली. निसर्ग जे काम इतके सावकाश करितो की मनुष्याचा डोळा त्यास पकडू शकत नाही, ते ह्या लहानशा पटाने डोळ्यांपुढे आणिले. ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने तो ओळखला जातो. तो पाहून सावकारांचा विश्वास बसला व पुढील कामास भांडवल मिळाले.

आमच्या शेतकरी वाचकांनी ह्या वाटाण्यापाशी थोडे थांबावे. प्रभूने दृष्टांतात सांगितलेले बी, जे पेरणारा निजला काय व उठला काय, त्याच्या नकळत वाढत राहते, तेच हे. ते कसे वाढते हे पेरणारास ठाऊक नसते. फाळक्यांनी कसे हे दाखविले, का हे दाखविले नाही. शास्त्रविद्या इतकेच करू शकते, आणि इतके करणे लहान नाही. जो शेतकरी एकदा ही वाढ डोळ्यांनी पाहील, त्याला निर्माणकर्त्याची करणी कमी वाटणार नाही, अधिकच वाटेल.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ चे काम सुरू झाले. त्या काळी पडद्यावर काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. शेवटी एका खानावळीत काम करणारे साळुंके नावाचे तरुण तारामती झाले. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढाव्या म्हटले तर तेही कठीण, कारण मिशी वडील वारल्यावर काढावयाची अशी रूढी. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र ह्याने केली. आणि ह्या साऱ्या खटाटोपाचा आधारस्तंभ होत्या सरस्वतीबाई. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात प्रकाश पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, रात्री दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फिल्मेला भोके पाडणे, रसायने कालविणे, चित्रे धुऊन काढणे, हे सर्व त्यांनी केले. अडचणीच्या वेळी अंगावरचे दागिनेही दिले. पडद्यावर त्यांचे नाव नव्हते. आमच्या मंडळ्यांतील किती पाळकपत्नी व उपदेशकांच्या घरच्या बाया अशाच नाव न होता मंडळीचे काम उचलून धरीत आल्या आहेत, हे आपण जाणतोच.

३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांस दाखविण्यास आरंभ झाला. हिंदुस्थानातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असा त्याचा मान आहे. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशकास हलविला. गोदेचे घाट, जुनी मंदिरे, सभोवारचे डोंगर हे त्यांस आयते नेपथ्य मिळाले. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट १९१४ साली येथून बाहेर पडले. पहिल्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनी काम केले, आणि स्त्रियांनी पडद्यावर यावे ही वाट खुली झाली. महायुद्धाने भांडवल आटले, तरी १९१७ साली ‘लंकादहन’ तयार झाला. त्यात राम व सीता ह्या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. मद्रासकडे ह्या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात.

येथे पंचवटीची आठवण अटळपणे होते. ज्या रामाची ही कथा त्याच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर व दादासाहेब गायकवाड ह्यांच्या पुढारीपणाखाली हजारो लोकांनी सत्याग्रह आरंभिला, आणि तो काही वर्षे चालूनही काळारामाची दारे त्यांस उघडली गेली नाहीत. त्या लोकांत आमच्यातील पुष्कळांचे भाऊबंद होते. ज्यास मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्याला तंबूतील पडद्यावर तोच राम काही पैशांच्या तिकिटाने पाहता येत होता. तेथे पुढची व मागची जागा तिकिटाच्या दराने ठरे. गरिबी तेथेही मागे सोडीत नव्हती, पण दाराशी पैसे घेणारा यंत्राचा माणूस होता, सोवळ्यातला पुजारी नव्हता. फाळक्यांनी हे योजून केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु छापलेले पान व पडद्यावरचे चित्र ह्यांस शिवाशीव पाळता येत नाही. ज्या मिशनऱ्यांनी पवित्र शास्त्र छापून महारवाड्यात व मांगवाड्यात नेले, त्यांसही हाच अनुभव आला होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक जोडे काढून हात जोडीत, कोणी लोटांगण घालीत, अशा हकिकती आहेत. चित्र शिकविण्यासाठी पुढे आले व पूजेसाठी उभे राहिले. दहा आज्ञांतील दुसरी आज्ञा ज्यांनी मुलांकडून पाठ करवून घेतली आहे, त्यांस ह्यातील धोका वेगळा सांगावयास नको. पण हा धोका केवळ शेजाऱ्याच्या घरी आहे असे समजू नये. येशूच्या तसबिरीला हार घालून, तिच्यापुढे उदबत्ती लावून, नवस बोलणारी घरे आपल्या मंडळ्यांतही सापडतात. तसबीर फाडून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. तसबिरीपाशी बसून मुलाला गोष्ट सांगावी, मग शास्त्र उघडून तीच गोष्ट वाचावी, आणि प्रार्थना करावी ती जिवंत प्रभूची करावी. परमेश्वराने निवासमंडपाच्या कामासाठी बसालेलास आपल्या आत्म्याने भरून कौशल्य दिले, हेही त्याच निर्गमाच्या पुस्तकात लिहिले आहे. कारागिरी त्याचीच देणगी. तिला देव्हाऱ्यात बसविणे ही मात्र आपली चूक.

१९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. त्या वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ व पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’ हे पट निघाले. दुसऱ्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. कथांबरोबरच त्यांनी माहितीचेही लहान पट केले. वेरूळची लेणी, नाशिकची सिंहस्थ पर्वणी, आगकाड्या आपोआप हलून आकृती करितात असा मौजेचा पट, आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा पट, हे त्यांतील काही होत. आपली विद्या लपवून न ठेवता ती लोकांस उलगडून दाखविणारा हा कारागीर होता.

पुन्हा भागीदारांशी बिनसले. फाळके काशीस जाऊन राहिले व तेथे ‘रंगभूमि’ नावाचे नाटक त्यांनी लिहिले. मग परत आले व पुन्हा काम करू लागले. १९३१ साली बोलपट निघाले आणि मुक्या चित्रांचे दिवस संपले. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा शेवटचा मूकपट १९३२ चा, व ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ साली कोल्हापुरास झाला. सुमारे शंभर चित्रपट करूनही गाठीस पैसा राहिला नव्हता. उतारवयात ते नाशकास येऊन राहिले व तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हातच्या चित्रांपैकी फारच थोडी आज उरली आहेत, कारण ती फिल्म लवकर पेट घेणारी व लवकर कुजणारी असे. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकार देत आहे, आणि नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे.

ह्या चरित्रापासून खेड्यातील उपदेशकाने काय घ्यावे? आज खेड्यापाड्यांतही पुष्कळांच्या खिशात चालती-बोलती चित्रे असतात, आणि मुलांचे डोळे रात्रंदिवस त्यांवर खिळलेले असतात. त्यांचा राग करून काही होणार नाही. रविवारच्या शाळेत चित्रांची एक जुनी गुंडाळी असली तरी ती भिंतीवर लावावी व तिच्यातील एकेका वस्तूकडे मुलांस बोट दाखवावयास सांगावे. भिंग मिळाल्यास पुस्तकातील चित्राचे ठिपके मुलांस दाखवावे; एखाद्या डब्यात वाटाणा पेरून तो रोज पाहावयास लावावा व प्रत्येकाकडून वहीत त्याचे चित्र काढवावे. महिनाभराने वहीची पाने भरभर उलटली, म्हणजे मुलांस त्यांचेच चित्र वाढताना दिसेल. मग मार्काच्या चौथ्या अध्यायातील बियाचा दृष्टांत वाचावा. असा धडा मुले विसरणार नाहीत.

आणि एक गोष्ट मोठ्यांनी मनात धरावी. फाळक्यांनी जे दोन-तीन तासांत पाहिले ते आपण जन्मभर ऐकत आलो आहोत. ख्रिस्ताच्या चरित्राची दोन-चार रिळे पाहून त्यांनी विमा गहाण टाकिला, डोळे पणास लाविले, घरातले सोने दिले. ज्यांस ते सारे चरित्र चार शुभवर्तमानांत छापून मिळाले आहे, त्यांनी शेजाऱ्यापुढे ते मांडण्यासाठी काय गहाण टाकिले आहे, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या प्रभूपुढे करावा.